प्रस्थान ठेवलेलं पार्सल

१

दलिचंदशेटच्या डोक्यावर तीन घाव होते. डॉक्टर म्हणाले, पहिल्यातच माणूस गेला. पुढचे दोन मारणाऱ्याने स्वतःच्या समाधानासाठी घातले. कवटी मागून उघडी पडली होती, आणि रक्त असं उडालं होतं की भिंतीवरच्या कॅलेंडरात सोमवारपासून पार शनिवारपर्यंत लाल झालं होतं.

वार सोमवार, महिना वैशाखाचा. अमळनेरच्या बाजारात त्या दिवशी डांबरावर बिबडी टाकली तर भाजून निघावी असं ऊन होतं. मी टाकून पाहिली आहे, म्हणून सांगतो. जरा कच्ची राहते. बिबडी म्हणजे आमचा ज्वारीचा पापड. या गोष्टीत तो अमेरिकेला निघालेला आहे, तेव्हा ओळख करून दिलेली बरी.

शेटचं किराणा दुकान पुढे, मागे पॅकिंगची खोली, त्यामागे घर. सव्वादहाला हमाल रोहिदास पावरा सुतळीचं बंडल खांद्यावर घेऊन आत शिरला, आणि मागच्या खोलीत त्याला मालक दिसले. त्याने बंडल टाकलं, शेटना मांडीवर घेतलं, डोकं दोन्ही हातांनी दाबून धरलं. फुटलेली घागर माणूस धरतो तसं. आणि ओरडला.

त्याचं ते ओरडणंच त्याला महाग पडलं. बाजार धावून आला, तेव्हा रक्ताने माखलेला एकच माणूस खोलीत होता.

त्याचं म्हणणं एवढंच, की पावणेदहाला शेटनी मला स्टेशनजवळच्या गोदामात सुतळी आणायला पाठवलं होतं. ऐकतो कोण? हातगाडीच्या दांड्यांनी मारलं. चार बरगड्या गेल्या. मग कुणीतरी त्याचा उजवा हात दुकानाच्या उंबऱ्यावर धरला आणि दुसऱ्या कुणीतरी वरून शटर ओढलं. तो आवाज ज्यांनी ऐकला त्यातले दोघं अजून शटर असलेल्या दुकानात बसत नाहीत. मारणारे मात्र बसतात.

फौजदार आले तोवर आरोपी तयार होता; दोन शिपाई आधीच येऊन बघत उभे होते. नव्हतं फक्त हत्यार. डॉक्टर म्हणाले, काहीतरी गोल, जड, धातूचं. खोली उलथीपालथी केली, गटार उपसलं, गोदाम झाडलं. हत्यार अमळनेरातून नाहीसं झालं होतं.

२

शुक्रवारी दुपारी दिवालीबाई ललिताअक्काच्या दारात आली. रोहिदासची बायको. दरवर्षी ती पाड्यावरून चारोळी आणि डिंक घेऊन यायची आणि अक्का भाव न करता घ्यायची. या वेळी टोपली रिकामी होती.

ललिताअक्का म्हणजे कोण, ते सांगतो. रेल्वे डाक सेवेत भुसावळला एकतीस वर्षं. चालत्या गाडीच्या डब्यात उभं राहून टपाल लावायचं, ते हिचं काम; थैल्या उचलायच्या, ते माझं. बंद पाकीट नुसतं हातात घेऊन आतलं लग्न जमलं की मोडलं ते ती सांगायची, असं मी लोकांना सांगतो. खरं एवढंच, की पत्र कुठून निघालं, कुठे अडकलं आणि कुणी अडकवलं, हे शिक्क्यांवरून ती वाचायची, आणि चुकलेली मी पाहिली नाही.

"अक्का, तेन्ही काहीच करं नही," दिवालीबाई म्हणाली. "शेटले उचलाले गया तो. आते सकाय सांजले तेले दवाखानातून जळगावले नेतस. बजारना पोरे गेटवर उभा शेतस, पेट्रोलन्या बाटल्या लिसन. जित्ता जाळतीन तेले."

सकाय म्हणजे उद्या. शनिवारी संध्याकाळी.

"पोलीस असतील ना बरोबर," मी म्हणालो.

"तव्हय बी व्हतात," ती म्हणाली. "हात शटरखाल गया तव्हय."

अक्का उठली, चष्मा पुसला. "नाना, स्कूटर काढा. पेट्रोल आहे ना?"

"जळगावला जाऊन परत येण्याइतकं आहे."

"कुठे जायचं ते अजून कळायचंय," अक्का म्हणाली.

३

दुकानात दोघंच होती. दलिचंदशेटची विधवा सून मंजू आणि पुतण्या अखिल.

अखिल तिशीतला, देखणा, डोळे रडून सुजलेले. धंदा दहा वर्षं तोच बघत होता. अक्काला पाहून त्याने खुर्ची पुसून दिली.

"अक्का, तुम्ही त्या बाईच्या सांगण्यावरून आलात, मी रागावत नाही. पण काकासांना सात वर्षं त्यांचं मीठ खाल्लेल्या माणसाने मारलं, हे मला पचत नाही हो."

"तुम्ही कुठे होता, भाऊ?"

"धुळ्याला. प्रियलचं पार्सल घेऊन आठलाच निघालो." प्रियल म्हणजे शेटची मुलगी, न्यू जर्सीला असते. त्याने मोबाईल पुढे केला. "हा मेसेज बघा. सोमवार, नऊ बारा. पार्सलची नोंद झाली, शाखा धुळे. साडेनऊला समोरच्या पानवाल्याने काकासांना पायरीवर पाणी मारताना पाहिलं. म्हणजे ते जिवंत होते तेव्हा मी छत्तीस-सदतीस किलोमीटर लांब होतो. फौजदारसाहेबांनी हे पाहूनच मला जाऊ दिलं."

"चांगलं झालं, मेसेज जपून ठेवलात."

"नशीब," अखिल म्हणाला आणि गिऱ्हाईक आलं म्हणून पुढे गेला.

मंजू मागच्या खोलीच्या दारात उभी होती. फरशी धुतलेली, तरी सांध्यांत काळसर रेघा होत्या. तिने हळू आवाजात सांगितलं, की रविवारी संध्याकाळी खोकं तिनेच भरलं. बिबड्या, उडदाचे पापड, कुरडया, मसाला. दुकानाच्या काट्यावर वजन अकरा किलो दोनशे. सोमवारी आठला ती जैन स्थानकात प्रवचनाला गेली ती साडेदहाला कुणीतरी बोलवायला आलं तेव्हाच उठली. चाळीस बायकांनी पाहिलं.

"आठला अखिलभाऊ निघाले होते?"

"निघायच्या तयारीत होते. खोकं इथेच होतं."

"अजून काही होतं खोक्यात, भाभी?"

तिने पुढच्या दुकानाकडे पाहिलं. मग म्हणाली, "बाबूजींनी एक बंद पाकीट दिलं होतं. पापडांच्या मधल्या थरात ठेव म्हणाले. प्रियलने सही करून परत पाठवायचे कागद आहेत. अखिलला मी सांगेन म्हणाले, तू बोलू नको."

"सांगितलं त्यांनी?"

"काय माहीत. त्यांचं शेवटचं म्हणजे हा फोटो. प्रियलला पाठवलेला." मोबाईलवर खोकं दिसत होतं. दारात ठेवलेलं, एकच चिकटपट्टी, वर कुंकवाने साथिया, म्हणजे स्वस्तिक, काढलेला. "प्रियलने तिच्या मोबाईलचा पडदा जसाच्या तसा पाठवला. वर लिहिलंय बघा, रविवार, रात्री अकरा पन्नास. पोलिसांनाही दाखवला. ते म्हणाले, आदल्या रात्रीचा आहे, काय उपयोग."

अक्काने फोटो बराच वेळ पाहिला. मग कोपऱ्यात बोट केलं. तिथे पितळेचा भलामोठा खल होता, पिढीजात, नुसता शोभेचा.

"याचा बत्ता?"

मंजूने खलात पाहिलं, मग खलामागे पाहिलं. "पोलिसांनी नेला असेल."

"त्यांना हत्यार सापडलेलं नाही, भाभी. म्हणजे त्यांनी तो नेलेला नाही." अक्काने आवाज आणखी खाली आणला. "तुमच्यात चौघडिया, शुभ-अशुभ वेळा बघतात. सोमवारी सकाळी काळ किती ते किती?"

"साडेसात ते नऊ. मग साडेदहापर्यंत शुभ." बोलता बोलता मंजूचा हात तोंडावर गेला. "बाबूजी काळात काडेपेटीसुद्धा घराबाहेर जाऊ द्यायचे नाहीत."

पुढच्या दुकानात बोलणं थांबलं होतं. दाराच्या पडद्याखाली अखिलच्या चपला दिसत होत्या. किती वेळ दिसत होत्या, ते आम्हाला माहीत नव्हतं.

४

स्कूटरवर बसल्या बसल्या अक्काने प्रियलला फोन लावला आणि पार्सलचा नंबर घेतला. तिच्याकडे माग काढायची लिंक आधीपासून होती.

"मी रोज बघते, मावशी. हलतच नाही ते. काय लिहिलंय तेही कळत नाही."

अमळनेर ते धुळे रस्त्यात मी बोरीकडे पाहिलं, धुळ्यात शिरताना पांझरेकडे पाहिलं. दोन्ही नद्यांत वाळू, बकऱ्या आणि क्रिकेट. लपवायला वीतभर पाणी नव्हतं. हे मी अक्काला सांगितलं.

"हे तुम्ही फार शहाणं बोललात, नाना," ती म्हणाली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. मी स्कूटर खड्ड्यात घातली.

परदेशी पार्सलच्या काउंटरवर दिपमाला नावाची मुलगी होती. अक्काने तिच्यापुढे नंबर ठेवला.

"ताई, मला शिक्के वाचता येतात, पण ते शाईचे. हे तुमचे कसे वाचायचे ते शिकवा."

कुणी शिकव म्हटलं की माणूस खुलतो. दिपमालाने पडदा आमच्याकडे वळवला.

"ही पहिली ओळ. सोमवार नऊ बारा, नोंद झाली. याचा अर्थ कुणीतरी मोबाईलवर माहिती भरली आणि लेबल तयार झालं. बस. खोकं आमच्याकडे आलं असा याचा अर्थ नाही. लोक इथेच फसतात. मेसेज आला की म्हणतात, गेलं."

"धुळे लिहिलंय ना पण?"

"जवळची शाखा आपोआप येते. तुम्ही शिरपुरात झोपून भरलं तरी धुळेच येईल."

"खोकं कधी आलं?"

"ही दुसरी ओळ. ताब्यात घेतलं, अकरा सव्वीस. हे आम्ही यंत्राने टिपतो, खोकं समोर असल्याशिवाय टिपताच येत नाही."

मी अक्काकडे पाहिलं. अक्काने माझ्याकडे पाहिलं नाही.

"आणि वजन?"

"भरताना त्यांनी अकरा दोनशे टाकलं होतं. आमच्या काट्यावर तेरा किलो सहाशे भरलं. मी म्हणाले, फरक आहे, कागद दुरुस्त करून द्या. ते म्हणाले, नंतर मेल करतो." दिपमालाने स्वतःच्या मनगटावर बोट ठेवलं. "घाईत होते. मनगटावर काहीतरी लालसर वाळलेलं होतं. मला वाटलं, कुंकू."

"बोल बाई, थांबू नको."

"पत्ता बदलून घेतला. बहिणीने घर बदललं म्हणाले. आणि एक खूण करायला लावली. पोचलं नाही किंवा कुठे अडलं तर परत पाठवायचं की नष्ट करायचं, असं फॉर्मवर असतं. सगळे परत म्हणतात. आईच्या हातच्या वस्तू असतात हो. यांनी नष्ट करा म्हटलं."

अक्काने तिथूनच प्रियलला फोन लावला. "बेटा, तू घर बदललंस?"

"नाही हो. का?"

अक्काने फोन ठेवला. ती शेवटची ओळ वाचत होती. बुधवार, दुपारी दोन चाळीस, मुंबई: कागदपत्रांची प्रतीक्षा.

"म्हणजे वजनाच्या फरकामुळे मुंबईच्या शेडमध्ये थांबवलं," दिपमाला म्हणाली. "पाठवणाऱ्याला मेल जातो. बहात्तर तासांत उत्तर आलं नाही तर त्याच्या सूचनेप्रमाणे करतात."

"त्याची सूचना काय होती, ते आत्ताच सांगितलंस."

बुधवारी दोन चाळीसपासून बहात्तर तास म्हणजे शनिवारी दोन चाळीस. उद्या. त्यानंतर बिबड्या, पापड, पाकीट आणि आत जे काही दोन किलो चारशे ग्रॅमचं जास्त होतं ते, सगळं भट्टीत जाणार होतं.

५

परत येताना अमळनेरच्या अलीकडे एक पांढरी गाडी मागून आली. रस्ता मोकळा होता, तिला जायला वाट होती. तिने वाट घेतली नाही. तिने आम्हाला घेतलं.

स्कूटर शेतात गेली, मी बांधावर गेलो, आणि अक्का बाभळीच्या झुडपात. पुढे लोकांना सांगताना मी बांधावरून बाभळीपर्यंत उडी मारून तिला झेललं असं सांगतो. प्रत्यक्षात माझं नाक फुटलं होतं आणि मी आईला हाका मारत होतो. अक्काच्या दंडात बाभळीचा काटा बोटभर आत गेला होता. तिने तो दातांनी धरून ओढून काढला, रक्त थुंकलं, आणि विचारलं, "नंबर पाहिलात?"

"नाही."

"मीही नाही. पण चपला ऐकत होत्या, हे नक्की."

गाडी पुढे जाऊन थांबली होती. मागचे दिवे लाल झाले, मग पांढरे. ती मागे येत होती.

तेवढ्यात शिरपूरकडून केळीचा एक ट्रक आला आणि आम्हाला पाहून थांबला. दोन जण खाली उतरले, हातात टायरच्या पान्ह्यासारखं काहीतरी घेऊन. पांढऱ्या गाडीने विचार बदलला.

ट्रकमध्ये केळ्यांवर बसून अक्का बोटं मोजत होती.

"काय मोजता?"

"साडेनऊ," ती म्हणाली. "न्यू जर्सी आपल्या साडेनऊ तास मागे आहे, नाना. या मागाच्या ओळीत प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते, धुळ्याची धुळ्याची, मुंबईची मुंबईची. मग प्रियलच्या मोबाईलवर पडलेली वेळ कुठली?"

मी केळ्यांवर उठून बसलो. नाक पुन्हा वाहायला लागलं.

६

शनिवारी बारा वाजता फौजदार अभिमन साळुंखे एका शिपायाला दाराबाहेर उभं करून शेटच्या दुकानात आले. अक्काने त्यांना बोलावलं होतं, आणि ते आले ते केवळ अक्काने त्यांच्या आईची हरवलेली मनिऑर्डर एकदा शोधून दिली होती म्हणून. अखिल गल्ल्यापाशी होता, मंजू दारात. मी नाकाला कापूस लावून पोत्यावर.

"अक्का, पाच मिनिटं," साळुंखे म्हणाले. "चारला मला त्या माणसाला जळगावला न्यायचंय. गेटवर दीडशे लोक जमलेत, माझ्याकडे अकरा शिपाई."

"पाच मिनिटं पुरेत. साहेब, तुमच्या घरी मुहूर्तावर निघता आलं नाही तर काय करता?"

"आई प्रस्थान ठेवते. नारळ-सुपारी रुमालात बांधून शेजाऱ्याकडे ठेवायची. प्रवास सुरू झाला असं धरायचं. मग माणूस जाईना का दुपारी."

"म्हणजे रुमाल शेजारी, माणूस घरी. नऊ बाराचा मेसेज तसा आहे. प्रस्थान. काळ नऊला संपला, शुभ लागलं, आणि शेटनी पुतण्याला सांगितलं, आत्ता नोंद कर. लेबल निघालं. खोकं मात्र घरी होतं, आणि अखिलभाऊही. आठला निघालो म्हणाले. आठला काळ चालू होता. या घरातून काळात पार्सल निघालं असतं, तर शेट त्यांना जाऊ न देता स्वतः रस्त्यावर आडवे झाले असते."

"अंदाज आहे हा," अखिल म्हणाला. आवाज शांत होता. "मेसेजवर धुळे लिहिलंय."

"आपोआप येतं. धुळ्याच्या काउंटरला खोकं अकरा सव्वीसला मिळालं, त्यांच्या यंत्रात आहे. आणि नऊ वीसला ते इथे होतं, त्याचा फोटो तुमच्या काकांनीच काढला."

"तो रविवार रात्रीचा," साळुंखे म्हणाले. "मीच पाहिलाय. अकरा पन्नास."

"न्यू जर्सीची रविवार रात्र. साडेनऊ तास मिळवा."

साळुंख्यांनी मिळवले. त्यांचे ओठ हलताना दिसत होते. अकरा पन्नास, बारा पन्नास, एक पन्नास... सोमवार, सकाळी नऊ वीस. त्यांचा चेहरा असा झाला, की मला त्यांची दया आली, आणि मला फौजदारांची सहसा येत नाही.

"खोकं इथे होतं," अक्का म्हणाली. "पावणेदहाला शेटनी रोहिदासला सुतळीला पाठवलं, कारण एका चिकटपट्टीवर त्यांचा भरवसा नव्हता. मग पुतण्याला सांगितलं, की पाकिटात काय आहे. काय होतं, अखिलभाऊ?"

अखिलने गल्ल्याचा खण बंद केला. बोलली मंजू. "धुळे रोडवरची आमच्या मिलची जागा. बाबूजी प्रियलच्या नावे करणार होते. काल रात्री प्रियलने सांगितलं. त्यांनी तिला फोनवर कळवलं होतं."

"दहा वर्षं मी राबलो त्या मिलमध्ये," अखिल एकदम म्हणाला, आणि मग त्याला कळलं आपण काय म्हणालो.

"खलातला बत्ता जवळ होता," अक्का पुढे म्हणाली. "तीन घाव. मागच्या दाराबाहेर गाडी उभी. हातात रक्ताळलेला बत्ता, समोर उघडता येण्याजोगं खोकं. वाटेत टाकणार कुठे? बोरी कोरडी, पांझरा कोरडी. आणि खोकं तर धुळ्याला पोचायलाच हवं होतं, मेसेज तेच सांगत होता. मग सुचलं, की हे जगातल्या सगळ्यात लांबच्या भट्टीत जाळून घेऊ, आपला हात न लावता. चुकीचा पत्ता, आणि नष्ट करा. फक्त काट्याने दगा दिला. अकरा दोनशेचं तेरा सहाशे झालं."

"साहेब," मी म्हणालो, "साडेबारा वाजले. दोन चाळीसला जाळतात."

साळुंख्यांनी मोबाईल काढला आणि मुंबई लावली. शेडमधल्या माणसाने तीन वेळा नंबर विचारला, चार वेळा थांबा म्हटलं, दोनदा फोन कट झाला. एक वाजून पाच मिनिटांनी विमानतळावरचे पोलीस शेडमध्ये शिरले. साळुंख्यांनी आवाज मोठा ठेवला होता. खोकं फाडल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला.

"पापड आहेत साहेब... पापड... एक पाकीट... टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी आहे." मग टॉवेल सोडल्याची सळसळ. "पितळी आहे. केस चिकटलेत. पांढरे."

७

अखिलच्या हाताशी पोती ओढायचा लोखंडी आकडा होता. तो त्याने कधी उचलला हे मी पाहिलं नाही, आणि खांद्यात घुसेपर्यंत साळुंख्यांनीही नाही.

आकडा खाकीतून आत गेला आणि हाडाला अडकला. साळुंखे ओरडले नाहीत, नुसते गुडघ्यावर बसले. अखिलने पाय त्यांच्या छातीवर देऊन आकडा उपसला, आणि त्याच्याबरोबर जे आलं ते मी लिहीत नाही. बाहेरचा शिपाई दारात आला, त्याच्या गालावर आकडा बसला आणि तो दारातल्या फळीसकट मागे गेला.

मग अखिल अक्काकडे वळला.

"तुला काय पडलं होतं, म्हातारे? एक हमाल! एक हमाल मेला असता!"

मी पोत्यावरून उठलो, हे खरं आहे. उठून त्याच्या अंगावर गेलो, हेही खरं. त्याने कोपर मारून मला तुरीच्या डाळीत पाडलं. अक्का भिंतीला टेकली होती, हात पुढे केलेला. आकडा तिच्या तळहातातून आरपार गेला. ती त्याच्या डोळ्यांत बघत होती. "अजून दोन घाव बाकी आहेत ना?" ती म्हणाली.

त्याने आकडा ओढला. पण तो हात पुन्हा वर गेला नाही. मंजू मागे उभी होती, आणि तिने पाच किलोचं लोखंडी वजन दोन्ही हातांनी उचलून त्याच्या गुडघ्यावर आणलं होतं. गुडघा उलट्या बाजूला वाकला. तो पडला तसं तिने वजन पुन्हा उचललं. या वेळी डोक्याच्या वर.

"भाभी," साळुंखे जमिनीवरून म्हणाले. "नको."

वजन तिथेच वर राहिलं. अखिल खालून तिच्याकडे बघत होता, देखण्या तोंडाला फेस आलेला. घड्याळात किती वाजले ते मी पाहिलं नाही, पण एवढा लांब क्षण मी पूर्वी कधी पाहिला नव्हता. मग तिने वजन तागडीच्या पारड्यात ठेवलं. सावकाश, गिऱ्हाईक उभं असल्यासारखं.

८

चार वाजता सरकारी दवाखान्याच्या गेटवर साळुंखे स्वतः गेले. खांद्याला टाके, सदरा अर्धा रक्ताने भिजलेला. काय घडलं ते त्यांनी कर्ण्यावरून तीन वाक्यांत सांगितलं. बाटल्या हातात घेऊन उभी असलेली पोरं एकमेकांकडे बघायला लागली. पाच मिनिटांत गेटवर फक्त बाटल्या उरल्या.

आत रोहिदास खाटेवर होता. उजवा हात पांढऱ्या पट्ट्यांचा गोळा. डॉक्टरांनी आदल्या दिवशी तीन बोटं काढली होती. डावा हात बेडीने खाटेला अडकवलेला. दिवालीबाई खाली फरशीवर बसली होती.

"सुटलास," साळुंखे म्हणाले आणि किल्ली घेऊन पुढे झाले.

रोहिदासने डावा हात बेडीसकट छातीशी ओढून घेतला. खाट करकरली. तो साळुंख्यांकडे बघत नव्हता, त्यांच्या पुढे आलेल्या हाताकडे बघत होता, आणि त्याच्या तोंडातून लहान मुलासारखा आवाज येत होता. साळुंखे अर्धं पाऊल मागे गेले. पुन्हा पुढे झाले. पुन्हा तेच.

"मी काही करत नाही रे," ते म्हणाले. "सोडतोय."

हाताला जाडजूड पट्टी बांधून अक्का माझ्या शेजारी उभी होती. ती बेडीकडे बघत होती. दोन दिवसांत पहिल्यांदा तिच्याकडे वाचायला काही नव्हतं.

दिवालीबाई उठली आणि तिने तळहात पुढे केला.

"इकडे द्या, साहेब."

नियमात बसत नव्हतं. साळुंख्यांनी किल्ली दिली. ती खाटेवर बसली, रोहिदासच्या कानाशी पाड्यावरच्या बोलीत काहीतरी म्हणाली, जे आमच्यापैकी कुणालाच कळलं नाही. त्याची मूठ हळूहळू सैल झाली. तिने किल्ली दोनदा चुकीची फिरवली, तिसऱ्यांदा बेडी उघडली. मनगटावर निळी रेघ उमटली होती. ती तिने पदराने पुसली. पुसली जाणारी नव्हती, तरी पुसली.

मग तिने बेडी दोन्ही हातांत धरून साळुंख्यांपुढे केली.

"मोजी ल्या," ती म्हणाली. "बठ्ठी शे, सगळी. आमी कोणानं काही ठेवत नही."

साळुंख्यांनी बेडी घेतली. कुठे ठेवावी ते त्यांना कळेना.